चांदीचा फ्यूज

कमलाकांत तामोरे फ्यूज विसरला, असं आता कागदावर आहे. बोईसरच्या गॅरेजात, विम्याच्या माणसासमोर, त्यानं स्वतःच्या हातानं तसं लिहून दिलं आणि खाली सही केली. आता सहीच केली म्हटल्यावर बोलणं खुंटलं. पण ज्यानं या माणसाला गेल्या सात वर्षांत एकदा तरी काम करताना पाहिलंय, त्याला विचारा. कमलाकांत जेवणाचा डबा विसरेल. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधेल. बायकोनं सांगितलेलं खोबरेल तर हमखास विसरेल. पण फ्यूज? जाऊ द्या, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे कोण काय विसरलं ते तुम्हीच ठरवा.

बोईसरला यायच्या आधी बावीस वर्षं कमलाकांत सातपाटीच्या बोटींवरची विजेची कामं करत होता. दिवे, वायरलेस, मासे शोधायचं यंत्र, बोटीच्या बुडाशी साचलेलं पाणी उपसायचा पंप, सगळं तो बघायचा. लागलं तर बोटीबरोबर समुद्रात जायचा. बोटी लाकडाच्या. लाकडाला वायर घासली, सोलली, उघडी पडली, तरी लगेच काही आकाश कोसळत नाही. बॅटरीतून एक वायर जाते, दुसरी परत येते, साधा मामला. फक्त एक गोष्ट तिथं सगळ्यांच्या वर असते, पंप थांबता कामा नये. बाकी जे जळायचं ते जळो.

एकदा बोट किनाऱ्यापासून दीड दिवसाच्या अंतरावर होती. भर दुपार, वर आठ माणसं, आणि पंपाचा फ्यूज उडाला. जास्तीचा होता तो आदल्याच दिवशी वापरून झालेला. फळ्यांखाली पाणी चढायला लागलं, तसे सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कमलाकांतनं बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून घेतलं. आतली चांदी ओढली, नखानं तिचा पांढरा कागद सोडवला, आणि उरलेली पातळ चांदी जळक्या फ्यूजवर गुंडाळली. तीन वेढे सरळ, शेवटचा उलटा. जाळं शिवणारा माणूस शेवटचा वेढा उलटा घालतो, मग तो कितीही हादरे बसले तरी सुटत नाही. बापाकडून हाताला लागलेली सवय ती. घरी पोरीच्या वेणीची रिबीन बांधतानासुद्धा त्याचा हात शेवटी उलटाच फिरायचा.

पंप चालू झाला, आठ माणसं घरी आली. त्या आठांत दर्पण नावाचा नवा खलाशी होता. एकोणीस-वीसचा, हाताचा चलाख, डोळ्यांनी सगळं टिपणारा. त्यानं विचारलं होतं, "काका, हे असं नेमी चालतं?"

कमलाकांत घाम पुसत म्हणाला, "समुद्रात चालतं."

एवढंच बोलला. जमिनीवर चालत नाही, हे बोलला नाही. त्याला तरी तेव्हा कुठं ठाऊक होतं जमिनीवरचं.

पुढं मासळी आटली, ती बोट विकली गेली, आणि ज्यांच्या बोटी राहिल्या त्यांनी बाहेरून कंपनीची माणसं बोलवायला सुरुवात केली. पन्नाशीला टेकलेला कमलाकांत मोटरसायकलवर बसून बोईसरला गेला आणि भगवंतच्या गॅरेजात उभा राहिला. भगवंत तोंडाचा फाटका, पण कामाची पारख असलेला गॅरेजवाला. तारापूरच्या कंपन्यांच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. त्यानं ठेवून घेतलं.

पहिल्याच महिन्यात घोळ झाला. एका टेम्पोला मागचे दिवे बसवायचे होते. कमलाकांतनं बोटीच्या सवयीनं बॅटरीवरून वायर काढली ती थेट मागं नेली. फ्यूज नाही, पत्र्याच्या भोकात रबर नाही. दोन दिवसांनी टेम्पो धूर सोडत परत आला. वायर पत्र्याला घासून सोलली होती, आणि पत्रा म्हणजे काही लाकूड नव्हे. भगवंतनं सगळ्या पोरांसमोर त्याला बॉनेटजवळ उभं केलं आणि पान्यानं पत्र्यावर टकटक करून दाखवलं. "हे बघ, होडीवाल्या. गाडीचं अख्खं अंग निगेटिव्ह असतं. कुठंबी टेकलास की मेलास. इथं लाकूड नाय तुला वाचवायला."

तेव्हापासून गॅरेजात त्याचं नाव होडीवाला पडलं. आणि तेव्हापासूनच कमलाकांतला फ्यूजचं वेड लागलं. साधा हॉर्न बसवायचा असला तरी फ्यूज. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. वायर पत्र्यातून जाते तिथं रबराची चकती, त्यावरून प्लास्टिकची नळी. काम संपलं की दोन जास्तीचे फ्यूज झाकणाच्या आतून चिकटपट्टीनं लावून द्यायचा, आणि गाडीवाल्याला झाकण उघडून दाखवल्याशिवाय किल्ली हातात ठेवायचा नाही. गिऱ्हाइकं वैतागायची. पोरं मागून नक्कल करायची, "साहेब, फ्यूज बघितला का फ्यूज?" पण वर्षं गेली तशी माणसं मुद्दाम विचारायला लागली, होडीवाला आहे का, त्याच्याच हातून करायचंय. शिवीचं नाव झालं होतं. कमलाकांत हे कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण घरी आला की हिराला, म्हणजे बायकोला, त्या दिवशी कोण कोण त्याचं नाव घेऊन आलं ते सांगायचा. हिरा टोपलीतली मासळी निवडत ऐकायची आणि म्हणायची, "बरं हाय, खोबरेल आणलंत का?"

दर्पणही तोवर बोट सोडून ड्रायव्हर झाला होता, आणि कमलाकांतचा जावई. पोरीनं, रिद्धीनं, स्वतःच पसंत केला त्याला. कमलाकांतलाही नाही म्हणायचं कारण नव्हतं. ज्या पोराबरोबर मरता मरता वाचलो, तो घरचाच वाटतो माणसाला. काका म्हणायचा तो मामा म्हणायला लागला. पालघरात खोली घेऊन दोघं राहिली. रिद्धी औषधांच्या दुकानात कामाला जायची. दर्पणला मात्र कुठं टिकून नोकरी लागत नव्हती. मग प्रियंका मॅडमच्या संस्थेला ड्रायव्हर हवा होता तेव्हा कमलाकांत स्वतः जाऊन शब्द टाकून आला. मासवणच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यांवर दर आठवड्याला या डॉक्टर मॅडम जायच्या, एका फोर बाय फोर जीपमधून. साधी गाडी त्या चढावर मान टाकायची. "माझा जावई हाय, म्हणजे मी हाय असं समजा," कमलाकांत म्हणाला होता. बोलायला काय लागतं.

आता मूळ काम. गेल्या वर्षी पावसाच्या आधी मॅडम जीप घेऊन भगवंतकडे आल्या. मागं लसींची आणि साप चावल्यावरच्या औषधाची थंड पेटी ठेवायची होती. पेटी दिवसभर चालायला हवी आणि संध्याकाळी डोंगरातून निघताना जीपही सुरू व्हायला हवी. एका बॅटरीवर दोन्ही होणार नव्हतं. मागं दुसरी बॅटरी बसवायची, असं ठरलं.

कमलाकांतनं त्या कामाला दोन दिवस घेतले. मागच्या सीटच्या पाठीमागं लोखंडी चौकट केली, ती चार बोल्टांनी तळाला आवळली. बॅटरी बंद प्रकारची घेतली, म्हणजे माणसं बसतात तिथं वाफ नको, तेजाब नको. पुढच्या बॅटरीपासून जाड वायर नळीतून काढली, दारांच्या खालून मागं नेली, दोन्ही टोकांना फ्यूज टाकला. मधे रिले बसवला. इंजीन चालू असलं तरच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जाणार, बंद झालं की सुट्या होणार. मागचीनं कितीही खाल्लं तरी पुढचीच्या ताटात हात घालायचा नाही. मग मागच्या बॅटरीवरून थंड पेटीसाठी वेगळी वायर आणि तिला वेगळा फ्यूज, पत्तीचा. पेटीला पुरेल एवढाच. झाकणाला आतून दोन जास्तीचे.

मॅडमना झाकण उघडून दाखवायला गेला तर त्यांचा फोन चालू. त्या हातानंच म्हणाल्या, दर्पणला समजावून सांगा. त्यानं दर्पणला सांगितलं. "ह्या वायरीवर फक्त पेटी. दुसरं काय लावायचं नाय. फ्यूज उडाला तर समजायचं कुठंतरी चुकलंय. आधी शोधायचं, मग बदलायचा."

"हो मामा," दर्पण म्हणाला. "तुमच्याच हाताखाली शिकलोय."

सहा महिने जीप नीट चालली. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या आठवड्यात मासवणच्या पुढं, चढावर, जीपच्या मागच्या भागातून धूर निघाला. मॅडम आणि नर्स उतरून पळाल्या, दर्पण उतरला. दहा मिनिटांत मागचा अर्धा भाग जळाला. पेटी गेली, औषधं गेली, सीटा गेल्या. माणूस कुणी जखमी झालं नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा म्हणायची. जीप ओढत आणून भगवंतच्या गॅरेजामागच्या आवारात उभी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी कमलाकांत तिच्यात शिरला.

काळी राख, वितळलेलं प्लास्टिक, करपट वास. जाड वायर धड होती. तिच्या दोन्ही टोकांचे फ्यूज धड होते. रबराच्या चकत्याही धड होत्या. जळाली होती ती पेटीची वायर, आणि तिच्यावर पेटीच्या जोडीला आणखी एक जोड मारलेला होता. त्या जोडाच्या टोकाला, राखेत, गाण्याच्या मोठ्या डब्याचं, म्हणजे स्पीकरचं, लोहचुंबक पडलं होतं. रविवारी जीप मोकळी असली की दर्पण लग्नाहळदीला गाणी वाजवायचा, हे कमलाकांतनं उडत उडत ऐकलं होतं. एवढा डबा त्या वायरीला कसा झेपणार. पण मग फ्यूज उडायला हवा होता, त्यासाठीच तर तो असतो. कमलाकांतनं फ्यूजची डबी खरवडून उघडली.

फ्यूज जागेवर होता. दोन पाय, मधली पत्ती जळालेली, आणि दोन्ही पायांना वेढून चांदी. अर्धी वितळून तिचा गोळा झाला होता, पण एका पायावर वेढे शाबूत होते. तीन सरळ, शेवटचा उलटा.

कमलाकांतला राग आला, हे खरंच. असा राग की दर्पण समोर असता तर पाना डोक्यात घातला असता. पण त्या रागाला पुढं जाता येईना, कारण वेढा ओळखीचा होता. बायकोच्या साडीचा काठ ओळखावा तसा त्यानं तो ओळखला. समुद्रात चालतं, असं सांगणारा तोच होता. त्यानं फ्यूज उपसून रुमालात बांधला आणि खिशात घातला. डबी रिकामी राहिली.

घरी गेल्यावर त्यानं रुमाल हिरापुढं सोडला आणि सगळं सांगितलं. हिरा बाजारातून येऊन नुकतीच टेकली होती. तिनं फ्यूज हातात घेऊन पाहिला.

"विम्याचा माणूस परवा येणार," कमलाकांत म्हणाला. "ड्रायव्हरनं काय केलं असेल तर संस्था पोलिसात देणार. मॅडम तसं बोलल्यात."

"आणि तुमी केलं असेल तर?"

"तर गॅरेजची चूक. काम करणाऱ्याची चूक."

हिरा उठून चुलीशी गेली, परत आली. "रिद्धीला तिसरा महिना लागलाय," ती म्हणाली. "तुमाला सांगायचं राहिलं होतं."

कमलाकांतनं फ्यूज तिच्याकडून घेऊन परत रुमालात बांधला.

"तुमचं नाव मोठं का पोरीचं घर मोठं, ते तुमीच बघा. मला विचाराल तर गप बसा. नाव काय, परत कमवाल."

छप्पन्न वर्षांचा माणूस नाव परत कमवणार होता. पण हिरालाही दोष कसा द्यायचा, ती आई होती आणि तिला समोर एवढंच दिसत होतं.

विम्याचा माणूस आला. शर्ट खोचलेला, हातात फोन, फोटो काढत फिरला. फ्यूजची रिकामी डबी बघून थांबला. "इथं फ्यूज नव्हता?"

भगवंत तिथंच होता, मॅडम होत्या, आणि जरा मागं, भिंतीला पाठ लावून दर्पण. त्याचा चेहरा पांढराफटक. कमलाकांतनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. दर्पणनं नजर खाली घातली.

"राहिला," कमलाकांत म्हणाला.

"म्हणजे?"

"बसवायचा राहिला. माझ्याकडून."

भगवंतनं झटकन मान वळवली. "काय बोलतोस तू?"

"राहिला, शेठ. माणूस हाय, विसरतो."

मॅडम चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या भरवशावर त्या नर्सला घेऊन सहा महिने आगीच्या पुढ्यात बसून फिरल्या, असंच त्यांना वाटलं असणार. कमलाकांतनं कागदावर लिहिलं, मागील बॅटरीच्या वायरला फ्यूज लावण्याचे माझ्याकडून राहून गेले. अक्षर चांगलं होतं त्याचं. सही केली.

सगळे गेल्यावर भगवंतनं त्याला ऑफिसात बोलावलं. बराच वेळ तो टेबलावरचा पाना नुसता इकडचा तिकडे करत होता. "मला शेंडी लावू नको. सात वर्षं बघतोय तुला. तू फ्यूज विसरत नाहीस."

कमलाकांत दाराकडे वळला.

"कुणाला वाचवतोस ते पण कळतंय मला. पण लिहून तूच दिलंस. उद्या कंपनीवाले विचारतील, त्यांना काय सांगू, खोटं लिहिलंय म्हणून? पाटी माझी हाय, कमलाकांत. उद्यापासून येऊ नको."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा भगवंतनं त्याला होडीवाला न म्हणता नावानं हाक मारली होती. नेमकी त्या दिवशी.

तो हत्यारांची पेटी भरत होता तेव्हा डोंगराकडचा एक म्हातारा, बुधा, विचारत विचारत गॅरेजात आला. त्याच्या पाड्यावर मॅडमची जीप यायची. जीप इथं उभी आहे असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तो पायानं मासवणपर्यंत आणि पुढं टमटमनं आला होता. "दवाखान्याची गाडी कदी येल?" त्यानं कमलाकांतलाच विचारलं. "दोन आठवडं होत आलं. नातीची सुई राहिलीय."

"आता नाय येणार, बाबा. जळाली."

"कशानं?"

कमलाकांतनं पेटीचं झाकण लावलं. "माझ्यानं," तो म्हणाला. बुधानं मान हलवली, जरा वेळ जळक्या जीपकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यानं एक शब्द वाकडा काढला नाही.

पहिले आठ दिवस दर्पण रोज सातपाटीला येत होता. पाया पडायचा. "मामा, तुमी नसता तर मी गेलो होतो." दोन्ही जास्तीचे फ्यूज एका हळदीत उडाले, तिसरा मिळेना, मग चांदी लावली, नंतर काढायची राहून गेली, असं त्यानं सगळं ओकून टाकलं. कमलाकांतनं त्याला एवढंच सांगितलं, "परत कदी चांदीला हात लावू नको. जमिनीवर नाय चालत ते." इतक्या वर्षांनी का होईना, सांगितलं.

"शपथ, मामा."

मग येणं आठवड्यावर गेलं, मग पंधरवड्यावर. संस्थेनं दर्पणला दुसरी गाडी दिली. आणि लोकांनी त्याला विचारायला सुरुवात केली, काय रे, त्या दिवशी झालं काय? आता विचारणाऱ्याला काहीतरी सांगावं लागतंच ना. आधी तो सांगायचा, "मामांकडून राहून गेलं जरा." नंतर सांगायला लागला, "वय झालंय त्यांचं." संक्रांतीच्या सुमारास सातपाटीच्या नाक्यावर चहा पिताना, कमलाकांत मागून येतोय हे न बघता, तो चार जणांना रंगवून सांगत होता, "अरे, बोटीवरचा माणूस तो. त्याला शेवटपर्यंत कळलं नाय की गाडीचं अंग निगेटिव्ह असतं. मी होतो म्हणून मॅडमना खेचून बाहेर काढलं." चौघे हसले. कमलाकांत चहा न घेता मागच्या मागं फिरला. गावातही मग त्याला कुणी काम सांगेना. बोटीवाले तोंडावर गोड बोलायचे आणि पंप दुसऱ्याला दाखवायचे.

त्याला जीव खाणारी गोष्ट ती नव्हती. दर्पण कृतघ्न निघाला, निघू दे. पण रिद्धी काय मानते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. पोटची पोर आहे, तिला आतून ठाऊक असणार, या एका गोष्टीवर तो माणूस दिवस काढत होता.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी रिद्धी आईला भेटायला आली. स्कूटरवर, सातवा महिना लागलेला. दाराशी स्कूटर बंद पडली ती पडलीच. बटण दाबलं तरी काही नाही, दिवासुद्धा नाही.

"कदी लागते, कदी नाय लागत," ती म्हणाली. "दर्पणनं नवा हॉर्न आणि पुढं मोठा दिवा लावलाय, तेव्हापासून असंच."

"बघतो."

"राहू द्या, पप्पा. नाक्यावर दाखवते." एवढं घाईघाईनं बोलून ती आत गेली.

कमलाकांतला ते लागलं. पण हात थांबेनात. त्यानं पेटी आणली, सीट उचलली, बॅटरीजवळची छोटी डबी उघडली. आत चांदी होती, डबीत नीट न टेकलेली. चकचकीत, नवी. तीन वेढे सरळ, शेवटचा उलटा. आणि तिच्या दीड वीत पलीकडे पेट्रोलची टाकी.

त्यानं चिमट्यानं फ्यूज ओढून काढला, आपल्या पेटीतला नवा, योग्य मापाचा बसवला, मोठ्या दिव्याची वायर तोडून टाकली. बटण दाबलं. स्कूटर पहिल्या दमात सुरू झाली. आवाज ऐकून रिद्धी बाहेर आली, मागून हिरा.

"हे बघ," त्यानं चांदीचा फ्यूज तळहातावर धरला. "हे लावून तू फिरत होतीस. पोटात मूल घेऊन. हे दर्पणनं लावलंय. जीपमधे पण त्यानंच लावलं होतं. मी फ्यूज विसरलो नव्हतो, रिद्धी. मी कदीच विसरलो नव्हतो."

"पप्पा, कागदावर सही कुणी केली?"

"मी केली. तुझ्यासाठी केली. आईला विचार."

हिरा उंबऱ्यात उभी होती. सगळ्यांना वाटेल ती बोलेल. तिनं पदर तोंडाला लावला आणि लेकीच्या पोटाकडे बघत उभी राहिली.

कमलाकांत आत धावला, फळीवरचा डबा आणला, रुमाल सोडला. जीपमधला जळका फ्यूज स्कूटरच्या फ्यूजशेजारी ठेवला. "बघ. दोन्ही सारखे. वेढा बघ, शेवटचा उलटा. एकाच हाताचे हायत."

रिद्धीनं वाकून पाहिलं. सरळ झाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कमलाकांतला क्षणभर वाटलं, सुटलो.

"हा वेढा तुमचा हाय, पप्पा," ती म्हणाली. "माझ्या रिबिनीला तुमीच घालायचा. मी दुसऱ्या कुणाला असं बांधताना बघितलं नाय कदी."

"त्याला मीच शिकवला. बोटीवर."

"दर्पण बोलला होता मला. एक दिवस पप्पा माझ्यावर ढकलतील, चांदी दाखवतील. काम गेल्यापासून ते असं करतात." ती रडत होती, पण शब्द मोजून बोलत होती. "आत्ता मी आत होते तेव्हा गाडी तुमच्याच हातात होती ना?"

खरं बोलायची जी वेळ होती ती त्यानं स्वतःच्या हातानं लिहून देऊन टाकली होती.

"चालू झालीय गाडी," तो शेवटी म्हणाला. "आता काय भीती नाय. फ्यूज नीट घातलाय."

रिद्धीनं किल्ली फिरवून स्कूटर बंद केली. आईला म्हणाली, येते. मग तिनं दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ती चालू होणारी गाडी ढकलत नाक्यावरच्या गॅरेजकडे घेऊन गेली.